स्लॅबवरचे आलू

गोणीभर आलू वाळवले की डबाभर उरतात. किस्स्यांचं बरोबर उलटं आहे. उन्हाळ्यात आमच्या स्लॅबवर एखादी एवढीशी गोष्ट घडते, चार जणींच्या तोंडून फिरते आणि पोळ्यापर्यंत तिची गोण होते. मी सांगते त्यात कोणी काही वाढवलं असेल, तर ते माझ्याआधीच वाढलेलं आहे. मी आपली जसं पाहिलं-ऐकलं तसं सांगते.

आधी मंडळी सांगून टाकते, म्हणजे घोटाळा नको. आम्ही हिंगणीच्या. बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची गल्ली. मी, समोरची प्रमिलाकाकू, तिची सून पल्लवी आणि शेजारची वंदनाताई, अशा चौघी. काकूचं घर कवेलूचं, म्हणजे उतरत्या कौलांचं, वंदनाताईचं टिनाचं. खाली अंगणात वाळवण घालावं तर शेळ्या तोंड घालतात, आणि रस्त्याने गाडी गेली की सगळ्यावर धूळ. गल्लीत सपाट, मोकळा, दिवसभर उन्हाचा स्लॅब एकच, तो आमचा.

आमचा म्हणजे आमच्या मास्तरांचा. मास्तर म्हणजे माझे मिस्टर, शाळेतून रिटायर झालेले. घर त्यांच्या नावावर, म्हणून स्लॅबही त्यांचा, हे ते दर उन्हाळ्यात एकदा तरी ऐकवतात.

एप्रिल लागला की आलू येतात. पहाटे उठून सोलायचे, किसणीवर चकत्या पाडायच्या, तुरटीच्या पाण्यात टाकायच्या, पाणी निवळेपर्यंत धुवायच्या. मग स्लॅबवरच गॅस मांडून मिठाच्या पाण्यात एक उकळी, आणि ऊन चढायच्या आत जुन्या लुगड्यावर पसरायच्या. प्रत्येकीचं लुगडं वेगळं, त्यावरून कोणाचे चिप्स कोणते ते कळतं. कडकड वाजायला लागले की डब्यात. नीट वाळलेले चिप्स दोन पावसाळे काढले तरी नरम पडत नाहीत.

तर मागच्या उन्हाळ्यात हा स्लॅबच आमच्या हातून जायची वेळ आली. मास्तरांच्या डोक्यात तिथे सोलर बसवायचं आलं. त्यावर येतेच. पण स्लॅब जाणार म्हणजे नेमकं काय जाणार होतं, हे कळायला आधीचे दोन-चार किस्से ऐकावे लागतील.

*

उकळत्या गंजातून, म्हणजे मोठ्या पातेल्यातून, चकत्या कधी काढायच्या, हे फक्त प्रमिलाकाकूने सांगायचं. जास्त शिजल्या तर लगदा, कमी शिजल्या तर वाळताना काळ्या पडतात. काकू गंजाजवळ पाटावर बसते, मध्ये मध्ये डोकावते आणि म्हणते, "काढा." दुसऱ्या कोणी झारा हातात घेतला तर तिला चालत नाही.

एका वर्षी काकू सेलूकडचं एक मोडलेलं लग्न सांगत होती. हळद लागली होती, मांडव पडला होता, आणि नवरदेवाच्या मामाने ऐन वेळी मुलीच्या काकाला काहीतरी विचारलं. काय विचारलं, ते सांगायला काकूने इतका वेळ लावला की आमचे हात किसणीवरच थांबले. पल्लवीने तर लॅपटॉप बंद केला, आणि ती तो बंद करत नाही. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते ना.

मामाने काय विचारलं ते कळलं. मग वंदनाताईला वास आला. गंजात पाहिलं तर चकत्या कुठे आणि पाणी कुठे, काही ओळखू येईना. आम्ही सगळ्या काकूच्या तोंडाकडे पाहतोय. काकूने गंजात एकदा पाहिलं, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही, आणि म्हणाली, "हे पापडाचं होतं."

त्या वर्षी गल्लीत सगळ्यांनी आलूचे पापड खाल्ले. तेव्हापासून कोणी घाईघाईने जिना चढून आली आणि "अवो, ऐकलं काय?" म्हणाली, की वंदनाताई आधी गॅस बारीक करते आणि विचारते, "थांब वं. चिप्सची बातमी हाये का पापडाची?"

*

वंदनाताई अंगणवाडीत आहे. घर बौद्धांचं, त्यामुळे एकादशी-चतुर्थीचा तिला काही संबंध नाही. तिच्या चकत्यांच्या पाण्यात ती लसूण-मिरची वाटून घालते. म्हणून तिचा गंज शेवटी चढतो, उपासाचे चिप्स निघून गेल्यावर.

एकदा काकूची नणंद आर्वीहून आली होती. तिने वंदनाताईला आलू सोलताना पाहिलं आणि काकूला विचारलं, ह्या कोणता उपास करतात? विचारण्याची पद्धत काही बरी नव्हती. मला कानकोंडं झालं. वंदनाताईने सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "उपास तुम्ही करा बाई, भूक मी सांभाळतो."

काकूने नणंदेपुढे आलूंची टोपली सरकवली आणि म्हणाली, बसलीच आहेस तर सोल.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी आषाढीला काकूच्या डब्यातले चिप्स संपले. तिने वंदनाताईकडून वाटीभर आणले, तळले, देवाला दाखवले आणि खायला बसली. अर्धी थाळी झाल्यावर लसूण लागला, तेव्हा कुठे आठवलं! पल्लवी सांगते, काकूने देवघराकडे पाहिलं, मग थाळीकडे पाहिलं.

"अर्धा मोडला तं मोडला," काकू म्हणाली. "आता उरल्या अर्ध्याचं काय लोणचं घालू?" आणि थाळी संपवली.

*

बोरच्या जंगलातून वांदरं येतात. वाळलेल्या चिप्सकडे ती ढुंकून पाहत नाहीत, पण ओल्या चकत्या दिसल्या की कठड्यावर रांग लावून बसतात. म्हणून पहिल्या दिवशी राखण लागते. ते काम मास्तरांकडे. छत्री, खुर्ची, काठी आणि पेपर, एवढ्या सामानानिशी ते वर बसतात आणि पेपर वाचतात. वांदरांनाही ते आता पाठ झालेत.

एकदा एक मादी, पोटाला पिलू धरून, सरळ मास्तरांच्या खुर्चीमागून आली आणि काकूच्या लुगड्यावरची एक चकती उचलली. काकू समोरच होती. मादीने चकतीचा तुकडा तोडला, चावला, थांबली. काकूकडे पाहिलं. आणि उरलेली चकती होती तिथे लुगड्यावर परत ठेवून दिली.

फेकली असती तर काकूला काही वाटलं नसतं. परत ठेवली, हे तिच्या मनाला लागलं.

"काऊन? काय झालं?" काकूने तिला विचारलं. ती निघून गेली. मग काकूने आम्हा सगळ्यांना एकेक चकती चाखायला लावली. मी म्हटलं छान आहे. पल्लवी म्हणाली मस्त. मास्तर पेपरातून म्हणाले, मीठ बरोबर आहे.

पुढच्या गंजाला काकूने मीठ कमी घातलं. पल्लवीने विचारलं, आम्ही एवढं सांगितलं तरी तुम्ही वांदराचं ऐकलं? काकू म्हणाली, "तिनं तोंडावर सांगितलं. तुमच्यातली एकतरी सांगंन काय?"

*

पल्लवी लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिने ऑनलाईन एक मशीन मागवलं. आलू वाळवायचं. आत एकावर एक जाळीचे ट्रे, मागे पंखा, वर बटणं. सासूला पहाटे उठायचा त्रास नको, हा तिचा हेतू. पोरगी मनाने चांगलीच आहे.

मे महिन्यातली गोष्ट. काकूने मशीनला सगळीकडून हात लावून पाहिला. मग म्हणाली, "बाई, बाहेर पाय ठेवला तं चप्पल चिकटते, अन् तू करंटवर आलू वाळवून राह्यली?"

पल्लवीने समजावून सांगितलं की आत धूळ लागत नाही, रंग चांगला राहतो, सगळं कसं स्वच्छ. ट्रे भरले, बटण दाबलं. घर आधीच तापलेलं, त्यात मशीनची गरम हवा. काकू आणि तिचे मिस्टर अंगणात खाट टाकून बसले. तासाभरात लाईन गेली. पल्लवी वाट पाहून पाहून थकली, आणि मग एकेक ट्रे घेऊन निमूट आमच्या स्लॅबवर आली. ट्रे उन्हात मांडले. काकूने फक्त सरकून जागा करून दिली.

मशीन वाया गेलं असं मात्र समजू नका. पुढे काही वर्षांनी पावसाळ्यात पल्लवीच्या मुलीचे शाळेचे मोजे वाळेनात, तेव्हा तिने ते त्यात टाकले. सकाळी कोरडे खडखडीत. मग गल्लीतली सगळी पोरं आपापले मोजे घेऊन यायला लागली. आता काकू पाहुण्यांना स्वतःहून मशीन दाखवते. "सुनेनं मोजे वाळवायचं मशीन आणलं," ती सांगते, "अन् काय सांगू, आलू बी वाळतात त्याच्यात."

*

आता सोलर.

मास्तर रिटायर झाल्यापासून मोबाईलवर व्हिडिओ पाहतात. त्यात एक सोलरचा पाहिला, मग त्याचे भाऊबंद पाहिले, आणि मार्चमध्ये एके दिवशी जेवताना मला सांगितलं की नाव नोंदवलं आहे. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली सोडली तर बाकी सगळा स्लॅब पॅनेलला लागणार. मी विचारलं, मग आलू कुठे वाळवायचे? ते म्हणाले, दुकानात चिप्सची पुडी मिळते.

मी भाजी वाढली आणि आत गेले. खरं सांगते, मला रडू आलं. चिप्ससाठी नाही. आमचा मुलगा हैदराबादला. घरात आम्ही दोघंच, आणि टीव्ही लागला की मास्तर 'वाढ' आणि 'झालं' एवढंच बोलतात. वर्षभरात पोट धरून हसते ती मी त्या स्लॅबवर. आता हे नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? चिप्सचं निदान नाव घेता येतं.

काकूला सांगितलं. तिने ऐकलं आणि "बरं" म्हटलं. तिचं 'बरं' मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. ते बरं नसतं.

एप्रिलमध्ये वर्ध्याहून सोलरवाला आला. गरीब माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. त्याचं काम एवढंच की मोकळ्या स्लॅबचा फोटो काढून मोबाईलवरून वर पाठवायचा, मग पुढची मंजुरी. तो जिना चढून गेला तर स्लॅब या टोकापासून त्या टोकापर्यंत आलूंनी भरलेला. काकू म्हणाली, आज ओले आहेत बाप्पा, दोन दिवसांनी ये.

दोन दिवसांनी आला. काकूचे उचलले होते, वंदनाताईचे पसरले होते. वंदनाताई म्हणाली, आज ओले आहेत.

पुन्हा आला तेव्हा पल्लवीचे होते. पल्लवीने जन्मात कधी एकटीने चिप्स केले नव्हते. त्यानंतर चिप्स संपले तर कीस सुरू झाला, कीस संपला तर पापड. कोणी बसून काही ठरवलं नव्हतं, निदान माझ्यासमोर तरी नाही. मी आपली सकाळी उठायचे, तर कोणी ना कोणी लुगडं घेऊन जिन्यात उभी असायची.

डबे भरले. मग बिस्किटांचे डबे भरले. माझ्या कोठीत खाली तांदूळ आणि वर चिप्स अशी वेळ आली. सोलरवाल्यालाही सवय झाली. आला की स्लॅबकडे न पाहताच सावलीत बसायचा, चहा प्यायचा आणि जाताना घरच्यांसाठी पुडी घेऊन जायचा. एकदा तर काकूने त्याच्या हातात किसणीच दिली.

मास्तर चिडले. एके दुपारी जिन्यात उभे राहून शाळेतल्या आवाजात म्हणाले, "हा काय सत्याग्रह लावला हाये काय तुम्ही?"

काकूने मान वर केली नाही. "नाई मास्तर," ती म्हणाली. "आलू हायेत."

*

पण आलूंनाही शेवट असतो. रोहिणी लागली, आभाळ फिरायला लागलं, बाजारात चांगले आलू दिसेनात. पल्लवीच्या बोटांना चिरा पडल्या, काकूची कंबर धरली. शेवटचे म्हणून प्रत्येकीने थोडे थोडे घातले. आता बस झालं, असं काकूच म्हणाली. मी मास्तरांना सांगितलं, सोमवारी बोलवा त्याला. त्यांनी मान हलवली. आमचं हरणं झालं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी सेलूला लग्न होतं. आम्ही चौघीही गेलो. मास्तर लग्नाला येत नाहीत, पंगत उशिरा बसते म्हणून त्यांना राग येतो. जेवून हात धुतो तोच धरणाकडचं आभाळ काळं झालं आणि वारा सुटला. शेवटचे चिप्स स्लॅबवर. मी मास्तरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

ऑटोत बसलो. अर्ध्या रस्त्यात पाऊस लागला. चौघी ऑटोत आणि कोणी बोलत नाही, असं पहिल्यांदाच झालं. मला वाटत होतं, यांना काय, यांना स्लॅब मोकळाच पाहिजे होता. पाऊसही यांच्याच बाजूने. इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता.

गल्लीत उतरलो, भिजत जिना चढलो. स्लॅब साफ. एक चकती नाही, एक लुगडं नाही, नुसतं पाणी वाहत होतं. वंदनाताई म्हणाली, "गेले."

खाली येऊन दार उघडलं. आत पंखे फुल्ल लागलेले. पलंगावर काकूचं लुगडं, त्यावर काकूचे चिप्स. जेवणाच्या टेबलावर माझे. पल्लवीचे दिवाणवर. वंदनाताईचे टीव्हीच्या टेबलावर, आणि टीव्ही उतरवून खाली जमिनीवर ठेवलेला. एकीचे चिप्स दुसरीच्यात मिसळलेले नाहीत. मध्ये मास्तर, बनियन अंगाला चिकटलेली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, वाकून एकेक चकती उलटी करत होते. फोन स्वयंपाकघरात वाजत राहिला असणार.

आम्ही दारातच उभ्या. ते आमच्याकडे न पाहता म्हणाले, "काकूचे जाड हायेत. ते पंख्याखाली घेतले. वंदनाचे लसणाचे, म्हणून बाजूले ठेवले."

काकूने दोरीवरचा टॉवेल काढला आणि त्यांच्या हातात दिला.



*

सोमवार उजाडला. ऊन पडलं होतं. सगळ्यांनी आपापले चिप्स आणि लुगडी घरी नेली होती. मी स्लॅब झाडून घेतला. एवढा मोकळा स्लॅब मी उन्हाळ्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि मला तो अजिबात चांगला दिसला नाही.

मास्तर सकाळीच स्कूटर घेऊन गेले होते. कुठे, ते सांगितलं नाही. मला वाटलं, सोलरवाल्यासाठी आलूबोंडे आणायला गेले असतील.

सोलरवाला आला. वर गेला. स्लॅब मोकळा पाहून तोच थबकला. मला म्हणाला, "संपले काय, बाई?" मी म्हटलं, संपले. त्याने मोबाईल काढला, टाकीजवळ जाऊन उभा राहिला, थोडा मागे सरकला. मला ते पाहायचं नव्हतं, म्हणून मी कठड्याशी जाऊन रस्त्याकडे पाहत राहिले.

तेवढ्यात खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. फाटकापाशी मास्तर. पुढे पायाशी एक गोण, मागे दोरीने बांधलेली दुसरी गोण. शर्ट घामाने ओला, श्वास लागलेला. मागच्या गोणीचं तोंड सुटलं होतं आणि चार-पाच आलू रस्त्यावर घरंगळत चालले होते.

त्यांनी मान वर करून विचारलं, "फोटो काढला काय रे?"

"नाही सर," सोलरवाला कठड्यावरून म्हणाला, "काढतच होतो."

"राहू दे. खाली ये पहिले, गोणीले हात लाव."

तो गडबडीने जिना उतरला. मी त्याच्या मागोमाग. मास्तरांनी स्कूटर स्टँडवर लावली, कपाळ पुसलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाणी ठेव उकळायले," ते म्हणाले. "अन् त्या सगळ्यायले आवाज दे."